कपाटात हँगरचा रॉड बसवताना

सुताराकडून वीसेक वर्षांपूर्वी करून घेतलेल्या बऱ्याच कपाटांत वरपासून खालपर्यंत खणच खण असतात. चादरी, टॉवेल, साड्या घड्या घालून ठेवायला ते उत्तम. पण इस्त्रीचे शर्ट आणि कुर्ते त्यात चुरगळतात, आणि खालचा एक ओढला की वरची चळत कलंडते. अशा कपाटाच्या एका भागातली एखाद-दुसरी फळी काढून तिथे रॉड बसवणं हे घरच्या घरी, अर्ध्या दिवसात होणारं काम आहे. एवढ्याशा कामाला सुतार लवकर येत नाही, त्यामुळे ते स्वतःला जमलेलं फार बरं.

इथे मी मुख्यतः प्लायच्या, सनमायका लावलेल्या कपाटाबद्दल सांगतो आहे, ज्याच्या बाजू 18 किंवा 19 मिमी जाडीच्या असतात. भिंतीतला कोनाडा, पार्टिकल बोर्डाचं तयार कपाट आणि लोखंडी कपाट यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी कपडे मोजा, मग कपाट

बहुतेक जण टेप घेऊन थेट कपाटात शिरतात. रॉड किती उंचीवर हवा हे कपाट सांगत नाही, ते त्यावर लटकणारे कपडे सांगतात. म्हणून ज्यांच्यासाठी रॉड लावायचा आहे ते कपडे हँगरला अडकवा, हँगर दाराच्या कडीला टांगा आणि हँगरच्या आकड्याच्या आतल्या टोकापासून कपड्याच्या खालच्या काठापर्यंत माप घ्या. प्रत्येक प्रकारातला सर्वांत लांब कपडा मोजला की पुरे.

मोठ्या माणसाच्या शर्टाला हँगरसकट साधारण 36 ते 38 इंच लागतात. दुमडून टाकलेल्या पँटला 28 ते 30 इंच. गुडघ्याखाली जाणारा कुर्ता 45 ते 50 इंचांपर्यंत जातो, आणि अनारकली किंवा गाऊन असेल तर 60 इंचही कमी पडू शकतात. साडीचं मात्र ठरावीक माप सांगता येत नाही, कारण प्रत्येक घरातली घडी वेगळी. तुमच्या घडीप्रमाणे हँगरवर टाका आणि मोजा.

या मापात खाली चार इंच मोकळे धरा, म्हणजे कपड्याचा काठ फळीवर लोळणार नाही. वर, म्हणजे रॉडचा माथा आणि त्याच्यावरची फळी यांच्यात, किमान दोन इंच सोडा. अडीच सोडले तर उत्तम. ही जागा सोडायला लोक विसरतात. हँगर काढताना आकडा आधी वर उचलावा लागतो, आणि वर जागाच नसेल तर प्रत्येक वेळी हँगर तिरका करून ओढावा लागतो. रोज सकाळी घाईच्या वेळी हे चालत नाही.

आता हात पोचतो का ते बघा. ज्या व्यक्तीचे कपडे तिथे असणार आहेत तिलाच हातात हँगर घेऊन उभं करा आणि टाचा न उचलता तो जिथपर्यंत सहज जातो तिथे पेन्सिलीची खूण करा. पाच फूट उंचीच्या बाईला जमिनीपासून 66 ते 68 इंचांवरचा रॉड साधारणपणे सोयीचा पडतो. मुलांसाठी असेल तर 40-45 इंचांवर लावा. चार वर्षांनी तोच वर सरकवता येतो.

फक्त शर्ट आणि पँटच लटकवायचे असतील तर एकाखाली एक असे दोन रॉड बसवायचा विचार जरूर करा. आत 76-78 इंच उंची मिळत असेल तर दोन्ही मावतात आणि त्याच जागेत दुप्पट कपडे राहतात. लांब कुर्ते आणि साड्यांसाठी शेजारचा भाग एका रॉडचा ठेवायचा.

खोली: इथे सौदा फसू शकतो

मोठ्यांचा नेहमीचा हँगर 17 ते 18 इंच रुंद असतो. त्यावर शर्ट चढवला की बाह्यांसकट 20-22 इंच होतात. म्हणून कपाटाची आतली खोली मागच्या प्लायपासून बंद दाराच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा. 22 इंच किंवा जास्त भरली तर रॉडचा मध्य मागच्या प्लायपासून 11 ते 12 इंचांवर घ्या. सरकत्या दारांच्या कपाटात दारांचे ट्रॅक तीन-चार इंच खातात, ते वजा करायला विसरू नका.

खोली 20 इंचांहून कमी असेल तर आडवा रॉड लावण्याचा हट्ट धरू नका. बाह्या दारात अडकतात आणि दार लागत नाही. अशा वेळी वरच्या फळीच्या खालून मागून-पुढे जाणारा, बाहेर ओढता येणारा छोटा रॉड मिळतो, तो लावा. कपडे आपल्याकडे तोंड करून राहतात, संख्येने कमी मावतात, पण दार नीट लागतं. मुंबईतल्या लहान फ्लॅटमधल्या अठरा इंची कपाटांना हाच उपाय मला पटतो.

फळी काढण्याआधी थांबा

रिकामी करायची फळी कशावर टेकली आहे ते खालून टॉर्च मारून बघा. पिनांवर किंवा दोन बाजूंच्या लाकडी पट्ट्यांवर नुसती टेकलेली असेल तर उचलून काढा. पट्ट्यांना स्क्रू असतील तर त्याही निघतात. फळी बाजूच्या प्लायला फेविकॉल लावून खिळ्यांनी पक्की केलेली असेल तर मात्र हातोडी घालू नका. सात फूट उंच कपाटात मधली पक्की फळी दोन्ही बाजूंना धरून ठेवण्याचं काम करत असते. ती काढली की बाजू बाहेर फुगतात आणि दारं एकमेकांना घासू लागतात. अशी फळी तशीच ठेवून रॉड तिच्या वरच्या किंवा खालच्या भागात बसतो का ते बघा. नाहीच जमलं तर तेवढं काम सुताराकडून करून घ्या.

दुकानात काय मागायचं

हार्डवेअरच्या दुकानात 'वॉर्डरोबचा पाइप' म्हटलं की कळतं. गोल पाइप साधारण 25 मिमी व्यासाचा येतो, आणि लंबगोल म्हणजे ओव्हल पाइप 30 बाय 15 मिमीचा. ओव्हल पाइप उभा बसतो, म्हणजे त्याची 30 मिमीची बाजू वर-खाली येते, आणि त्यामुळे तो वजनाला चांगला तग धरतो. पत्र्याची जाडी विचारून घ्या; 1 मिमीहून पातळ पाइप नको. पाइप बहुतेक ठिकाणी फुटाच्या हिशेबाने कापून देतात.

कोकण, गोवा, मुंबई अशा खाऱ्या, दमट हवेच्या जागी पॉलिश केलेल्या लोखंडी पाइपाला काही वर्षांत कापलेल्या टोकांपासून गंज चढतो आणि तो पांढऱ्या कपड्यांवर उतरतो. तिथे स्टेनलेस स्टील घ्या, आणि शक्यतो 304 ग्रेडचं. लोहचुंबक लावून ग्रेड कळतो असं सांगितलं जातं, पण स्वस्त 202 ग्रेडलाही चुंबक जवळपास चिकटत नाही. त्यामुळे नेहमीच्या, विश्वासाच्या दुकानातून बिल घेऊन घेणं हाच खरा मार्ग.

पाइपाच्या दोन टोकांना धरणाऱ्या वाट्यांना सॉकेट म्हणतात. काही सॉकेट पूर्ण बंद असतात, काही वरून उघडे. पहिल्यांदा काम करणाऱ्यांनी वरून उघडे घ्यावेत. दोन्ही सॉकेट आधी स्क्रूने पक्के करता येतात आणि पाइप नंतर वरून खाली सोडता येतो. बंद सॉकेटमध्ये पाइप टोकांत अडकवून, हवेत धरून स्क्रू मारावे लागतात. त्याला दुसरा माणूस लागतो. प्लॅस्टिकचे सॉकेट घेऊ नका. पाइप कितीही भक्कम घेतला तरी शेवटी वजन पेलायचं असतं ते या दोन वाट्यांनी.

स्क्रूच्या बाबतीत सुतारांचं माप 'सूत' कामी येतं. एका इंचात आठ सूत. 18 मिमीच्या प्लायसाठी पाच सूत, म्हणजे 16 मिमी लांबीचे, 8 नंबरचे, सपाट डोक्याचे स्क्रू मागा. सॉकेटच्या पत्र्याची जाडी जाऊन चौदाएक मिमी प्लायमध्ये बसतात आणि टोक पलीकडे निघत नाही. इंचभर लांबीचे स्क्रू घेतले तर पलीकडच्या खणात टोकं बाहेर येतील आणि तिथली साडी फाटेल.

पाइपाची लांबी तीन फुटांहून जास्त असेल तर मधला आधार घ्याच. यामागचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे: कपडे तितक्याच दाटीने लावून पाइपाची लांबी दुप्पट केली तर मधला झोल दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. म्हणून तीन फुटांवर ताठ राहणारा पाइप सहा फुटांवर धनुष्यासारखा वाकतो. मधला आधार वरच्या फळीला खालून स्क्रूने लागतो. ती फळी स्वतःच वाकलेली असेल तर आधी तिच्याखाली पट्टी मारून घ्या.

घरी लागतील ती हत्यारं अशी: टेप, पेन्सिल, पाणसळ (लेव्हल), गुण्या (काटकोन बघायची पट्टी), ड्रिल मशीन, अडीच ते तीन मिमीचं लाकडाचं बिट, स्क्रू ड्रायव्हर, एक खिळा, हातोडी, मास्किंग टेप. पाइप घरी कापायचा असेल तर बारीक दातांचं हॅक्सॉ पान आणि कानस. डोळ्यांना चष्मा हवाच. सनमायकाची उडणारी कपची काचेसारखी धारदार असते.

पाइपाचं माप

कपाटाची आतली रुंदी ज्या उंचीवर आणि ज्या खोलीवर पाइप येणार आहे, बरोबर तिथेच मोजा. जुन्या कपाटात वर 35 इंच आणि खाली 35 इंच दोन सूत असं अगदी सहज निघतं. मिळालेल्या मापातून दोन्ही सॉकेटच्या तळाची जाडी वजा करा. साधारण तीन-चार मिमी जातात. त्याहून जास्त आखूड कापू नका. पाइपाचं टोक सॉकेटमध्ये जितकं कमी टेकेल तितका तो निसटायचा धोका जास्त.

घरी कापताना खुणेवर मास्किंग टेप गुंडाळा, टेपवरच रेघ मारा आणि हॅक्सॉ हलक्या हाताने चालवा. कापल्यावर आतून-बाहेरून कडा कानसेने घासा. कड खरखरीत राहिली तर पहिला बळी रेशमी दुपट्ट्याचा जातो.

खुणा करणे

दोन्ही बाजूंना टेप लावून वेगवेगळी मापं घेण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. एक सरळ लाकडी पट्टी घ्या आणि खालच्या फळीपासून सॉकेटच्या बुडापर्यंतच्या उंचीएवढी कापा. डाव्या बाजूला ती उभी टेकवा, तिच्या डोक्यावर सॉकेट ठेवा, सॉकेटच्या भोकांतून पेन्सिलीने खुणा करा. मग तीच पट्टी उजव्या बाजूला. टेप वाचण्यातली चूक यात होतच नाही, आणि सॉकेट धरायला तिसरा हात लागत नाही.

त्याआधी खालची फळी समपातळीत आहे का, ते पाणसळ ठेवून बघा. फरशीच्या उतारामुळे कपाट एका बाजूला कललेलं असेल तर पट्टी फक्त एका बाजूला वापरा आणि दुसरी बाजू पाइपावर पाणसळ ठेवून ठरवा. नाहीतर सगळे हँगर एका कोपऱ्याकडे घसरत राहतील.

मागच्या प्लायपासूनचं 11-12 इंचांचं अंतर गुण्याने दोन्ही बाजूंना सारखं घ्या. एका बाजूला अर्धा इंच पुढे-मागे झालं तर पाइप तिरपा दिसतो, आणि दार उघडलं की डोळ्यांना पहिलं तेच खुपतं.

भोक पाडणे आणि स्क्रू

खुणेवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि खिळ्याचं टोक ठेवून हातोडीने एक हलका ठोका द्या. सनमायका गुळगुळीत असते; असा खळगा न करता बिट लावलं तर ते घसरत जातं आणि पांढरा ओरखडा कायमचा राहतो. बिटावर टोकापासून 13 मिमीवर टेपची पट्टी गुंडाळा, म्हणजे किती खोल जायचं ते दिसेल. ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरण्याची सोय) बंद ठेवा, वेग कमी ठेवा.

भोक पाडताना बाहेर पडणाऱ्या भुशाकडे लक्ष द्या. सुरुवातीला सनमायकाच्या रंगाची चुरचुरीत पूड येते, मग बिट एकदम सोपं जाऊ लागतं आणि तपकिरी, बारीक लाकडी भुसा येतो. ती प्लाय. तिचे थर एकेक करून बिटाला लागतात, ते हाताला जाणवतात. दोन थरांनंतर भुसा येणं थांबून बिट रिकामं फिरू लागलं तर तिथे प्लायमध्ये पोकळी आहे; खूण अर्धा इंच वर किंवा खाली सरकवा. तशा जागी स्क्रू धरत नाही.

पहिले स्क्रू हाताने, स्क्रू ड्रायव्हरने बसवा. मशीनने बसवताना शेवटचा फेरा जास्त झाला की स्क्रू जागच्या जागी फिरतो आणि पकड जाते. तसं झालंच तर काडेपेटीच्या दोन-तीन काड्या गूल तोडून फेविकॉलमध्ये बुडवा, भोकात ठोकून बसवा, वर आलेली टोकं कापा आणि एक दिवस वाळू द्या. मग त्याच जागी नवं भोक पाडा. ही जुनी सुतारी युक्ती आहे आणि प्लायमध्ये चांगली टिकते.

सॉकेट दोन्ही बाजूंना पक्के झाले की पाइप वरून सोडा. ओव्हल पाइप असेल तर उभा बसला आहे ना ते बघा. सॉकेटला छोटा अडकवणारा स्क्रू असेल तर तो आवळा. मधला आधार सगळ्यात शेवटी, आणि पाइप वर ढकलून किंवा खाली ओढून नाही, तो जसा सरळ आहे तसा धरूनच.

पार्टिकल बोर्ड आणि भिंत

तयार मिळणाऱ्या बऱ्याच कपाटांच्या बाजू पार्टिकल बोर्डाच्या असतात, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या. त्यात स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा धरत नाही, आणि सगळं वजन दोन-तीन स्क्रूंवर टाकणं तिथे चुकीचंच. उपाय साधा आहे. तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड लाकडी पट्टी घ्या आणि ती कपाटाच्या बाजूला उभी लावा, पण खालचं टोक तळाच्या फळीवर नीट टेकलेलं हवं. सॉकेट या पट्टीच्या वरच्या टोकाला लावायचा. कपड्यांचं वजन पट्टीतून सरळ खाली तळावर जातं आणि बाजूच्या बोर्डातल्या स्क्रूंना फक्त पट्टी जागेवर धरायचं काम उरतं. दिसायला थोडं जाड वाटतं. पट्टीला त्याच रंगाचा सनमायका किंवा रंग लावला की झालं. बाजू 12 मिमी प्लायची असेल तरी मी हेच करायला सांगेन.

भिंतीतल्या कोनाड्यात, दोन भिंतींच्या मध्ये रॉड लावायचा असेल तर आधी भिंत कशाची आहे ते समजून घ्या, आणि तेही ड्रिलची धूळच सांगते. करडी पूड येऊन मग लाल येऊ लागली म्हणजे प्लास्टरच्या मागे वीट. पांढरट, मऊ पीठ आणि बिट अगदी सहज जातंय, तर ती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटी ब्लॉकची भिंत. करडी पूडच येत राहिली आणि बिट पुढे सरकायला तयार नाही, तर काँक्रीट. मिवान पद्धतीने, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या नव्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच असतात. तिथे साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल आणा.

विटेत 8 मिमीचं भोक आणि त्यात गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरणारी खुंटी), स्क्रू दोन इंच लांब. गिट्टी प्लास्टरच्या थरात अडकून राहता कामा नये, विटेत शिरली पाहिजे. सिपोरेक्समध्ये हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि त्याच भिंतीसाठी मिळणारी नायलॉनची खास गिट्टी वापरा. साधी गिट्टी वजन आलं की धुळीसकट हातात येते.

भिंतीत भोक पाडण्याआधी त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला वीज तोडणारा खटका) बंद करा. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या आडव्या रेषेत वायर असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथे भोक पाडूच नका. पलीकडे बाथरूम असेल तर भिंतीत पाण्याची लाइन असते; नळ आणि शॉवर कुठे आहेत ते आधी जाऊन बघा. दोन्ही गोष्टींबद्दल शंका असेल तर भिंत सोडा आणि लाकडी चौकट करून ती कोनाड्यात उभी करा.

लोखंडी कपाटाला भोकं पाडू नका. त्यांच्यात बहुधा रॉड आधीच असतो. नसलाच तरी अशी कपाटं साधारण 18-19 इंच खोल असतात, म्हणजे रुंद हँगर तसाही दाराला लागतो. तिथे स्प्रिंगचा दाबून बसणारा रॉड पुरतो. भाड्याच्या घरातही तोच बरा, पण त्यावर ओढण्या, स्टोल, दोन-चार हलके कुर्ते एवढंच. गुळगुळीत सनमायकावर भरलेला स्प्रिंगचा रॉड घसरतो.

कपडे लावण्याआधी

तीन फुटांच्या रॉडवर शर्टाला इंचभर धरलं तर पस्तीसेक हँगर मावतात. एका शर्टाचं हँगरसकट वजन पाव किलोहून थोडं जास्त. म्हणजे दहा-अकरा किलो सहज. जीन्स आणि ब्लेझर आले की पंधरा. म्हणून दहा किलो तांदळाची पिशवी मजबूत कापडी थैलीत घालून रॉडच्या मध्यावर रात्रभर टांगून ठेवा. सकाळी पाइपाकडे नंतर बघा, आधी दोन्ही सॉकेटचा वरचा काठ बघा. तो आणि प्लाय यांच्यात नख शिरेल एवढी फट पडली असेल तर स्क्रू लांबीला कमी पडत आहेत किंवा भोक मोठं झालं आहे. ते आत्ताच दुरुस्त करा.

पैठणी किंवा जड जरीची साडी मात्र रॉडवर कायम लटकवू नका. वजनाने घडीच्या रेषेवर कापड आणि जर दोन्ही ताणले जातात. ती मलमलच्या कापडात गुंडाळून खणातच आडवी ठेवा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. म्हणूनच कपाटातले सगळे खण काढू नयेत.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात बुरशी लवकर धरते. कपडे आणि मागची प्लाय यांच्यात इंचभर हवा खेळेल असं ठेवा, पूर्ण सुकलेलेच कपडे लटकवा, ऊन पडलं की दारं तासभर उघडी ठेवा. डांबराच्या गोळ्या ठेवत असाल तर त्या जरीला आणि रेशमाला चिकटणार नाहीत अशा, कापडी पुरचुंडीत टांगा.

रॉड पूर्ण भरल्यावर महिनाभराने दोन्ही सॉकेटचे स्क्रू एकदा हाताने आवळून बघा. नव्या भोकात लाकूड थोडं दबतं, आणि पाव फेरा आवळला की पुढे बराच काळ बघावं लागत नाही.